गाठोडेकाका

भिंत रंगवायला दहा जण जमले की त्यांत एक देवाचा मुखवटा फक्त आपल्यालाच जमतो असं मानणारा असतो, एक रंगाच्या डब्यांची झाकणं हरवणारा असतो, एक नुसताच चहा सांगणारा असतो आणि एक गाठोडेकाका असतात. आदिलाबादेत तर असतातच. गाठोडेकाकांना माणूस काढायचा असेल तर आधी त्याचे कपडे विकत घ्यावे लागतात, आणि तेही जुने. "मनानं काढलेल्या सदऱ्याले चुणी पडत नाही, पोट्टेहो," हे त्यांचं सगळं कलाशास्त्र. निर्मळची चित्रं ते तोंडभरून वाखाणतात, पण शेवटी एक खंत जोडतात: "एवढी सोन्यासारखी माणसं, पण कोनाचं कोपर म्हनून फाटलेलं नाही!"

शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर आम्ही केसलापूरची नागोबा जत्रा काढायची ठरवली. पात्रांची वाटणी झाली. गोदावरीचं पाणी घेऊन पायी येणारे पांढऱ्या कपड्यांतले मेस्राम कुळाचे गोंड एकाने घेतले. गुसाडी या गोंडी नर्तकावरून तिघांत जुंपली. मोरपिसांचा टोप, अंगाला राख, कातडं, हातात सोटा. असं पात्र कोण सोडतो? त्यातून मार्लवाईच्या कनकराजूंना 2021 साली गुसाडीसाठी पद्मश्री मिळालेली. काका थंडपणे म्हणाले, "गुसाडीचा खरा मान दिवाळीतल्या दंडारीत. जत्रा पुसाच्या अवसेची. मले गर्दी द्या."

गर्दी म्हणजे जिलबीच्या दुकानाशी उभा असलेला एक माणूस. काकांचं म्हणणं बिनतोड होतं. तेलंगणाची कडाक्याची थंडी आदिलाबादेत पडते. पौषात पारा दहाच्या खाली घसरतो. तेव्हा जत्रेतला माणूस पोस्टरवरच्यासारखा उघड्या दंडाने हिंडत नाही. तो धोतरावर जाकीट चढवतो, आणि ते जाकीट बाजारातल्या ढिगातलं असतं. परदेशांतले वापरलेले कपडे कांडला बंदरात गाठींनी उतरतात, निवडले जातात. लोकरीचे बरेच पानिपतला जातात, तिथे त्यांच्या चिंध्या करून कातून ब्लँकेटं विणतात. असल्या फेऱ्यांतून सुटलेलं एखादं जाकीट इथवर पोचतं आणि छातीवर कोणाला वाचता न येणारी अक्षरं मिरवत गोंडी पागोट्याखाली सुखाने नांदतं.

काका ढिगाशी बसले की बघावं. आधी बाही उलटी करणार, मग काखेची शिवण, मग कॉलर. गावच्या सदऱ्याच्या कॉलरला धोब्याने बिब्ब्याने केलेली खूण दिसली की जन्मपत्रिका सापडल्यासारखा चेहरा होतो. "कोपर पाय. हा मानूस बारा वर्सं टेबलावर रेलून बसला असंल. कारकून! आन् उजव्या खिशाचं तोंड फाकलेलं, म्हंजे तंबाखू." मग भावाची घासाघीस.

"कित्ते कू दिये?"

"देड सौ, काका."

"चेन नै चलती इसकी."

"चेन नै चलती तो क्या हुआ, जाकिट तो चलरा ना!"

ऐंशीला सौदा पटतो. गंमत अशी की ज्या दोषावर बोट ठेवून भाव पाडायचा, नेमका तोच दोष काकांना हवा असतो. चालती चेन असलेलं जाकीट त्यांना फुकट दिलं तरी घेणार नाहीत. घरी काकूंचा वेगळाच हिशेब. बोहारणीला तीन पँटी देऊन त्या एक पातेलं घेतात, आणि काका त्याच पातेल्याच्या किमतीत बाजारातून तीन पँटी घेऊन येतात.

गाठोडं भिंतीशी सुटलं. काकांनी खडूने चौकटी आखल्या, जाकीट खुंटीला टांगलं आणि एका कोपरावर अख्खी सकाळ घालवली. विटकरी रंगात काळा स्टेनर थेंबथेंब टाकून तेलकट कळकट छटा साधली, ती खरोखर उतरली होती. धड पुरं झालं, मुंडक्याचा पत्ता नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, "काका, चेहरा कधी?" "चेहऱ्याचं काय घेऊन बसले सर, थो कोनाचाबी चालते."

पण थंडी वाढली. सगळ्यांत आधी गुसाडीवाल्याने काकांचं जाकीट "पाच मिनिटं" म्हणून अंगात घातलं. मग स्वेटर गेला, मफलर गेला, कारकुनाच्या सदऱ्यावर दुसरा सदरा चढला. खुंटी रिकामी. काका आरडाओरड करतील असं वाटलं होतं. त्यांनी स्टूल मागे ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून रंगवणाऱ्या आम्हालाच काढायला घेतलं. "असेच उभे राहा. हलू नका." गुसाडीवाला वळला तर त्यालाच दम: "बाही बिघडवली ना रे!" त्यामुळे आमच्या जत्रेत आता गर्दीचा भाग जरा जास्तच झाला आहे, आणि तो बहुतेक पाठमोरा आहे. एकाच माणसाला चेहरा मिळाला: जिलबीवाल्याशी उभ्या असलेल्याला. तो चहा सांगणाऱ्याचा आहे, कारण तो एकटाच काम न करता इकडे तोंड करून बसायचा.

बघायला येणारे गुसाडीसमोर उभे राहून सेल्फी काढतात. म्हातारी माणसं मात्र काकांच्या माणसाच्या कोपराला बोट लावून बघतात. माझ्या मते साऱ्या भिंतीत तेवढाच एक खरोखर जत्रेला आलेला आहे.

यंदा उरलेली भिंत रंगवायची आहे. काकांना हिरवा, हातविणीचा, पुरुषी मापाचा स्वेटर हवा आहे. तुमच्या घरी असल्यास बोहारणीला देण्याआधी कळवा. धुऊ नका, आणि कृपा करून कोपर शिवू नका.