बटणाची मोजणी

इंदापूर तालुक्यातील माणसास हद्दीविषयी काही शिकवू जाणे हे धाडसच होय. कारण प्रिंगलसाहेबांच्या अतिसूक्ष्म, पण रयतेस न पेलणाऱ्या सारामापणीचा बोजवारा उडाल्यावर १८३५ साली गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनी जी फेरपाहणी आरंभिली आणि जिच्यातून पुढल्या वर्षी तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी निपजली, ती याच मुलखात. अशा इंदापुरात आमचा पुतण्या ऊसउत्पादकांसाठी मोबाईलचे अ‍ॅप रचीत असतो. त्यातले 'नोंद करा' हे बटण दिसावयास ठसठशीत. परंतु त्यावर कितीही अंगठे उमटविले तरी दखल घेण्यास सर्वस्वी नाखूष.

"काका, आता मोजणीच आणावी लागणार," असे म्हणून त्याने फोनच्या बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकविले आणि 'तुम्ही आता डेव्हलपर आहात' अशी सनद त्यास तत्काळ बहाल झाली. (तलाठ्याच्या परीक्षा देऊन तरुण पिढी जेथे थकली, तेथे इतकी सुलभ भरती मी प्रथमच पाहिली.) मग 'लेआउट बाउंड्स' दाखविण्याचा हुकूम सुटताच प्रत्येक अक्षरसमूहास आणि चित्रास तांबडी हद्द, निळे कोपरे आणि भोवती सोडलेल्या रिकाम्या जागेस गुलाबी रंग प्राप्त होऊन, इतका वेळ सोज्ज्वळ भासणारा तो पडदा वाटणीच्या दाव्यातील नकाशासारखा दिसू लागला.

पहिले अतिक्रमण शीर्षकात निघाले. रोमन लिपीच्या बेताने आखलेल्या ठेंगण्या चौकटीत 'इंदापूर' बसविल्यामुळे वरचा अनुस्वार आणि खालचा ऊकार हे दोघेही हद्दीबाहेरचे ठरून छाटले गेले होते. कवी मोरोपंतांच्या बारामतीत राहणाऱ्या मजसारख्यास हे पाहवेना. बटणाचे प्रकरण मात्र अधिक मुरलेले होते. जिच्यात ना अक्षर ना चित्र, अशी एक पारदर्शक चौकट, कोणे काळी कोणत्या तरी सूचनेसाठी घातलेली, सूचना काढून टाकल्यावरही बटणावर पसरून राहिली होती आणि येणारा प्रत्येक स्पर्श स्वतःच गिळंकृत करीत होती. सात-बाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात असे वारस मी पुष्कळ पाहिले आहेत; त्यांना निघा म्हणावयास कोर्टात जावे लागते, येथे एक ओळ खोडून भागले.

रेषा तशाच ठेवून पुतण्याने फोन शेजारच्या बागायतदाराच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावून सर्व चौकटी निरखल्या आणि विचारले, "मोजणीची फी कुणी भरली?"