बेतात बसणारा गरम शॉवर: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम बजेट ठरवा. समजा, पाच हजार. हा आकडा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा, कारण दुकानातून परत येईपर्यंत तो फक्त तिथेच शिल्लक राहणार आहे.

यानंतर दुकानात जायचं नाही. बाथरूममध्ये जायचं, कपड्यांसकट, आणि वर बघायचं. गीझरसाठी १६ अँपिअरचा मोठ्या भोकांचा पॉइंट आहे का? अर्थिंग खरोखर आहे, की सॉकेटमधलं तिसरं भोक नुसतं शोभेचं? वायरमनला विचारा. त्याने न तपासताच ‘बिनधास्त लावा’ म्हटलं तर दुसरा वायरमन शोधा. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. ओल्या अंगाने विजेच्या जवळ उभं राहायचं असेल, तर या एका खर्चावर घासाघीस करू नये.

आता गणित. साधा शॉवर मिनिटाला आठेक लिटर पाणी सोडतो. थंडीत नळाचं पाणी २० अंशांवर असेल आणि अंगावर ४० हवं असेल, तर तेवढं वाहतं पाणी तापवायला सुमारे ११ किलोवॉट लागतात. तुमच्या पाच हजारांत आरामात बसणारा ३ लिटरचा इन्स्टंट गीझर असतो ३ किलोवॉटचा. म्हणजे मिनिटाला दोन लिटरच्या जरा वर. अभिषेकपात्रातून पिंडीवर पडावं तसं पाणी डोक्यावर पडेल. श्रद्धा असल्यास हरकत नाही. इंग्लंडमधल्या भाचीने तिथल्या इलेक्ट्रिक शॉवरचे फोटो पाठवले असतील, तर ते पाहून घ्या आणि सोडून द्या. ते साडेआठ-दहा किलोवॉटचे असतात, ४० अँपिअरच्या आसपास वीज ओढतात आणि त्यांना मुख्य बोर्डापासून वेगळी जाड केबल लागते. आपल्या गीझरच्या पॉइंटवर तसलं काही जोडलं, तर डोकं भिजायच्या आत एमसीबी पडेल.

शॉवरचाच हट्ट असेल तर १५ लिटरचा साठवणीचा गीझर घ्या (आणि फ्रिजवरचा कागद काढून टाका). २ किलोवॉटचा असेल तर पाणी ६० अंशांवर यायला वीस मिनिटं लागतात. त्यात गार पाणी मिसळून होतं तीसेक लिटर, म्हणजे जेमतेम चार मिनिटांचा शॉवर. चार मिनिटांत ज्यांचं भागत नाही, त्यांनी बादली आणि तांब्या घ्यावा. तेवढ्याच तीस लिटरमध्ये अंघोळही होते आणि आदल्या दिवशीचे मोजेही धुऊन निघतात. बादलीवाल्यांना तो ३ लिटरचा इन्स्टंटही पुरतो: नळ सोडायचा, नऊ-दहा मिनिटांत २० लिटर तयार.

दुकानदार म्हणेल, ‘फाइव्ह स्टार आहे साहेब, बिल येतच नाही.’ येतं. २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला अर्धा युनिट जवळपास लागतोच, मग पाण्यात रॉड टाका, इन्स्टंट लावा, नाहीतर साठवणीचा. स्टार एवढंच सांगतात, की तापलेलं पाणी तसंच ठेवलं तर टाकी किती उष्णता घालवते. बटण दिवसभर चालू राहणाऱ्या घरात त्यांना अर्थ आहे. पाणी तापल्याबरोबर ‘बंद केलंस का?’ असं विचारणारी आई ज्या घरात आहे, तिथे एक-दोन स्टार कमी चालतील.

मजलाही बघा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक बार. टाकी तुमच्या डोक्यावरच्याच गच्चीत असेल, तर दाब मिळेल पाव-अर्धा बार आणि महागातला महाग शॉवरही मुळूमुळू रडेल. उंच इमारतीत खालच्या मजल्यावर, किंवा प्रेशर पंप असेल तिथे, ८ बारचा गीझर मागा. पाणी बोअरचं असेल तर कॉइलवर पांढरा थर चढणारच, म्हणून ती साफ करून मिळते का, आणि टाकीला गंजापासून वाचवणारा ॲनोड रॉड बदलून मिळतो का, ते आधी विचारा.

एवढ्यात एखादे काका म्हणतील, ‘गॅसचा घे, स्वस्त पडतो.’ पडतो. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघनने १८६८ मध्ये गॅसवर चालणारा गीझर काढला, तेव्हा त्यात जळालेला वायू बाहेर काढण्याची सोयच नव्हती. आपल्याकडे खिडकीला पुठ्ठा लावलेल्या बाथरूममध्ये अजून तेच चालू असतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस आतून कडी लावून बसलेला असतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावू नका. या परिच्छेदात विनोद नाही.

गीझर घरी आला की कळेल, खोक्यात पाइप नाहीत. प्लंबर म्हणेल हे वायरमनचं काम, वायरमन म्हणेल आधी प्लंबर येऊन जाऊ द्या. दोघांना एकाच दिवशी बोलवा आणि चहा शेवटी द्या. पुढे कधी सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकलं, तर तिथे बूच मारून ‘गळती बंद’ करू नका. आतला वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो. आणि पहिल्या दिवशी गरम नळातून सलग धार येईपर्यंत बटणाला कोणालाही हात लावू देऊ नका. रिकाम्या टाकीत कॉइल जळते, आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्यायचा तर राहिलेलाच असतो.