कानशीची सुरी

बोथट झालेल्या कानशीइतकी निरुपयोगी वस्तू घरात दुसरी नसेल. तिनं काही घासलं जात नाही आणि वाकवून आकडा करावा म्हटलं, तर वाकण्याऐवजी ती काडकन मोडते. जन्मभर दुसऱ्यांना घासून सरळ केलं, स्वतः मात्र तसूभर वाकली नाही. असे एखादे निवृत्त हेडमास्तर तुमच्याही ओळखीत असतील.

पण पोलाद अस्सल. चांगल्या कानशीत १ टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असतो आणि सुरीलाही तोच हवा असतो. (काही स्वस्त कानशी मात्र फक्त वरून कडक असतात, आत साधं लोखंड.) हौशी माणसाच्या डोक्यात मग सुरीचा किडा वळवळू लागतो. 'बाजारात मिळते की सुरी!' हे घरातलं कुणीतरी सांगतंच.

आधी कानशीचा ताठा उतरवायचा. भट्टीत लालबुंद करून ती राखेत पुरायची आणि रात्रभर विसरायची. सावकाश निवलेलं पोलाद मऊ पडतं. मग तिला घासून आकार द्यायचा, त्यासाठी लागते नवी कानस! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा. धारेकडचे दाते पार नाहीसे करावे लागतात. एखादी खाच राहिली, तर पुढे तिथूनच तडा जातो.

आकार आला की पुन्हा भट्टी. किती तापवायचं ते चुंबक सांगतं. ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला ओळख दाखवेनासं होतं. त्याच्या थोडं पुढे गेलं की पातं थेट तेलात! चर्र आवाज होतो, धूर निघतो आणि शेजारून 'आज काय तळताय?' अशी चौकशी येते. बाहेर निघते ती मात्र पुन्हा पूर्वीचीच: कडक, ठिसूळ, फरशीवर पडली तर दोन तुकडे.

म्हणून शेवटी केकच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासदोन तास. घासून लख्ख केलेल्या पात्यावर फिकट सोनेरी झाक चढते. कडकपणा थोडासाच उतरतो, पण तेवढ्यानं पातं चिवट होतं. मला ही पायरी सगळ्यांत आवडते. कडक व्हायला क्षण पुरतो. किंचित नरम व्हायला मंद आच लागते आणि वेळही. हेडमास्तरांच्या बाबतीत हे काम बहुधा नातवंडं करतात.

लाकडी मूठ बसली की सुरी तयार. तिचे नखरे पुढेच कळतात. लिंबू कापलं की काळे डाग, ओली ठेवली की गंज. पुसा, तेलाचं बोट फिरवा. त्यामुळे घरात तिला दुसरं कुणी हात लावत नाही. आणि स्वतःच्या हातानं सुरी घडवलेल्या माणसाला 'मला कांदा चिरता येत नाही' असं म्हणायची सोय कायमची संपते.