उजव्या कंट्रोलचे भूसंपादन : एक अल्प प्रबंध

प्रथम क्षेत्र निश्चित करू. कळफलकाची सर्वांत खालची ओळ, उजव्या आल्टच्या पलीकडे, बाणांच्या कळांच्या अलीकडे, करंगळीच्या पेराएवढा भूखंड. प्रस्तुत प्रबंध एवढ्याच जागेपुरता आहे. संशोधनस्थळ मिनेसोटातील ईडन प्रेरी, पर्गेटरी क्रीकच्या बाजूचे एक कार्यालय. इथला हिवाळा असा की जेवणाच्या सुट्टीतही कोणी बाहेर पडत नाही. अन्यथा हा विषय इतका खोलवर गेला नसता.

जुन्या सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून उजव्या कंट्रोलचे नाव आहे. (काही लॅपटॉपांवर तिथे मेनू-कळ नांदत असे. तिच्या वारसांनी दावा लावलेला नाही. ती काय करते हे बहुतेकांना कळण्याआधीच ती गेली.) 1994 मध्ये मायक्रोसॉफ्टने याच ओळीत विंडोज-कळ वसवली. नंतर जवळजवळ तीन दशके मोठा फेरफार नाही. मग 4 जानेवारी 2024 रोजी मायक्रोसॉफ्टच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाला हाक मारणारी कोपायलट-कळ जाहीर झाली आणि नव्या यंत्रांवर हा भूखंड संपादित होऊ लागला. कुळाकडून हरकती मागवल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

‘डावा कंट्रोल आहे ना!’ असा एक पूर्वपक्ष आहे. त्याचे अनुयायी मुख्यतः व्यवस्थापकवर्गात आढळतात. त्यास उत्तर असे की डावा हात चहाच्या कपाला दिलेला असतो आणि ती वहिवाट कंट्रोलइतकीच जुनी आहे. शिवाय व्हर्च्युअलबॉक्सच्या आभासी यंत्रात शिरलेल्या माणसाला बाहेर काढणारी कळ मुळात उजवा कंट्रोलच ठरवलेली असते. आमचे एक नागपूरकर सहकारी वीस जणांना स्क्रीन दाखवत असताना सवयीने करंगळी तिथे टेकवते झाले. ते बाहेर आले नाहीत. उलट ‘काय मदत करू?’ असे विचारणारी एक खिडकीच आत आली. त्यावर त्यांनी वऱ्हाडीत जे उत्तर दिले, ते माइक सुरू असल्याने सर्वांना ऐकू गेले. अर्थ विचारणाऱ्या सहकाऱ्यांना आम्ही तो सांगितलेला नाही.

आता मुख्य शोध. ही नवी कळ दाबली की संगणकाला संदेश जातो : डावी शिफ्ट, विंडोज आणि एफ 23. नेहमीच्या कळफलकावर एफ-कळा बारावर संपतात, मग हा तेविसावा कोण? एफ 24 पर्यंतची वस्ती होती ती आयबीएमच्या 122 कळांच्या टर्मिनलांवर. अशा टर्मिनलांवरून ज्या एएस/400 यंत्रावर काम चाले, ते 1988 चे यंत्र घडले रॉचेस्टरला, म्हणजे याच मिनेसोटात, ईडन प्रेरीहून गाडीने दीडेक तासावर. थोडक्यात, कृत्रिम बुद्धिमत्तेची ही अत्याधुनिक कळ खरेदीखतावर सही करते ती कधीच गाव सोडून गेलेल्या इसमाच्या नावाने. महसुली परिभाषेत याला बेनामी व्यवहार म्हणतात.

कार्यालयाने कोपायलट बंद केला, तरी जमीन मूळ मालकाला परत मिळत नाही. कळ शोधपेटी उघडत बसते. पुनर्वसनाची तरतूद आहे. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजमधून या कळेला दुसरे काम लावता येते, म्हणजे जमीन ज्याने घेतली त्याच्याच दारात अर्ज. मात्र पॉवरटॉइज बसवायला आमच्याकडे आयटी विभागाची परवानगी लागते, परवानगीला तिकीट लागते, आणि तिकिटाच्या पानावर आधी एक चॅटबॉट नमस्कार करतो.

  

कोपायलट हटत नाही, या नियमाच्या एका अपवादाची नोंद आवश्यक आहे. मार्च 2025 च्या विंडोज अपडेटनंतर काही संगणकांवरून कोपायलट हे अ‍ॅप आपोआप काढले गेले आणि टास्कबारवरूनही नाहीसे झाले. मायक्रोसॉफ्टने हे दोष म्हणून मान्य केले आणि दुरुस्तही केले. नागपूरकरांनी त्या दिवसांत आयटी विभागाकडे रीतसर तिकीट टाकले होते : हा दोष आपल्या यंत्राला अद्याप मिळालेला नाही, कृपया लवकर पाठवावा.

तिकीट ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आले आहे.