अलीकडे काय वाचलंत? : उत्तराची पूर्वतयारी

हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत, दिवाळी अंकाच्या प्रकाशनाला किंवा मुलीच्या सासरी, कुठेही येऊ शकतो. पुस्तक वाचायला आठवडा लागतो, मत मात्र तिथल्या तिथे द्यावे लागते. म्हणून मत आधी तयार ठेवावे. वेळ उरल्यास पुस्तक वाचावे.

नवशिक्याने 'रणांगण'पासून सुरुवात करावी. विश्राम बेडेकरांची ही 1939 सालची कादंबरी एका दुपारी संपते. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावरचे ज्यू निर्वासित, तोंडावर आलेले महायुद्ध असा ऐवज असल्याने पानामागे मताचा उतारा उत्तम पडतो. 'हिंदू'चे तसे नाही. 2010 साली आलेले नेमाड्यांचे हे पुस्तक सहाशेच्या घरात जाते. तरी घाबरू नये. तो चतुष्टयाचा पहिला भाग आहे. तेव्हा 'उरलेले भाग येऊ देत, मग बोलू' म्हणून चहा मागवावा. 'कोसला' वाचली नसेल तर मात्र सरळ नाही म्हणावे. ती वाचलेला माणूस निदान महिनाभर वाक्यावाक्याला 'वगैरे' म्हणतो, त्यामुळे थाप लगेच पकडली जाते.

पुरस्कारप्राप्त पुस्तकांत नंदा खरे यांचे 'उद्या' सोयीचे. साहित्य अकादमीचा 2020चा पुरस्कार खऱ्यांनी नाकारला. ते योग्य की अयोग्य यावर कादंबरी न उघडता अर्धा तास निघतो. (उघडलीत तर दचकाल, ही जाता जाता सूचना.) अनुवादाविषयी 'मूळ वेगळंच आहे हो' म्हणायची प्रथा आहे. 'पाडस'पुरती ती मोडावी. राम पटवर्धनांचे मराठी वाचताना मूळ नावाची काही वस्तू असते याचाच विसर पडतो.

आता अवघड भाग: मनापासून आवडलेले पुस्तक लपवायचे कसे?

समजा, 'मृत्युंजय' आवडले. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 सालची, आणि तेव्हापासून कर्णाच्या बाजूने रडलेल्यांची संख्या मोठी आहे. पण चारचौघांत ते कबूल केले की तुमची इयत्ता आणि अभिरुची एकदमच ठरते. अशा वेळी निवेदनाविषयी बोलावे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहाजण कथा सांगतात. याला 'बहुस्वरी रचना' म्हणावे आणि चष्मा पुसावा. डोळेही त्यातच पुसून होतात. भाषा फार अलंकारिक आहे, अशी तक्रार जोडावी. ती खरीच आहे. त्याच भाषेने आपल्याला रात्री दोनपर्यंत जागवले, हे सांगायचे कारण नाही. 'स्वामी' आणि 'ययाति' यांनाही हाच उपाय, मात्रा थोडी कमी.

खरा धोका समीक्षकांचा नसून सार्वजनिक वाचनालयातल्या जुन्या सभासद काकूंचा. त्या दर आठवड्याला पुस्तक बदलतात, 'शेवटची शंभर पानं उगाच आहेत' एवढेच म्हणतात, आणि पानेही बरोबर तीच निघतात. त्यांच्यापुढे बहुस्वरी रचना काढलीत तर 'म्हणजे शोणापाशी रडलास होय?' असे विचारतील, तेही पूर्ण वाचनालयाला ऐकू जाईल असे. तिथे वाद घालू नये. त्यांनी नुकतेच परत केलेले पुस्तक मुकाट्याने आपल्या नावावर घ्यावे. वर्गणी भरलेली आहे ना, ते आधी पाहून ठेवावे.