आपला संदेश मिळाला, धन्यवाद!

वेबसाइटवरचं 'संपर्क' हे पान फार सुसंस्कृत असतं. ते नाव विचारतं, ईमेल विचारतं, काय हवंय ते मोकळेपणी लिहा म्हणतं आणि 'पाठवा'चं बटण दाबलं की हिरव्या चौकटीत आभार मानतं. लिहिलेलं कोणाच्या हाती पडलं की वाटेत कुठे गडप झालं, याच्याशी त्या आभारांचा संबंध असेलच असं मात्र नाही.

सिंधुदुर्गातल्या एका हापूस बागायतदारांनी हा अनुभव अख्खा एक हंगाम घेतला. गाव त्यांना मामा म्हणतं, म्हणून इथेही मामाच. दलाल टाळून पेटी थेट गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची, या विचाराने त्यांनी पुण्यातल्या भाच्याकडून वेबसाइट करून घेतली. भाचा इंजिनिअर आहे. मेकॅनिकल, पण नातेवाइकांच्या लेखी इंजिनिअर म्हणजे कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर या तिन्ही खात्यांचा मंत्री. त्याने वर्डप्रेस टाकलं, कलमांचे फोटो चढवले आणि 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' नावाचं फुकटचं प्लगइन बसवलं. ताकायुकी मियोशी या जपानी प्रोग्रामरने २००७ साली सुरू केलेलं हे प्लगइन जगभरात लाखो साइटांवर निमूटपणे काम करत असतं. नावातला ७ कशाचा, असं मामींनी तेव्हाच विचारलं होतं. भाचा बघून सांगणार होता.

मार्च सरला, एप्रिल आला. साइट बघणाऱ्यांचा आकडा वाढत होता आणि ऑर्डर एकही नव्हती. घरात कारणं शोधणं सुरू झालं. मामांच्या मते भाव जास्त लावला होता. मामींच्या मते फोटोत मामा हसत नव्हते. शेजारच्या अण्णांनी पंचांग काढून साइट कोणत्या तिथीला सुरू केली ते बघितलं आणि काही न बोलता पंचांग मिटलं. भाच्याने रोग रेड्याला आणि औषध पखालीला या न्यायाने बटणाचा रंग निळ्याचा केशरी केला. फॉर्मवर मात्र कोणी संशय घेतला नाही. भाच्याने सुरुवातीला स्वतःच्या जीमेलवरून एकदा तपासून बघितलं होतं, तेव्हा मेल आली होती. आणि फॉर्म तर प्रत्येक वेळी आभार मानत होता. इतक्या अदबीने वागणाऱ्यावर कोण आळ घेणार?

मे महिना उतरणीला लागला तेव्हा मुलुंडहून एका बाईंचा फोन आला. "तीनदा लिहिलं हो तुम्हाला. आंबे संपले असतील तर संपले म्हणा, पण उत्तर तरी द्यायचं!" मामांनी आधी माफी मागितली, मग भाच्याला फोन लावला. भाचा म्हणाला, "मामा, माझ्याकडे तर चालतंय." हे वाक्य संगणकाच्या धंद्यात रोज जगभर उच्चारलं जातं आणि त्यामुळे आजवर एकही फॉर्म दुरुस्त झालेला नाही.

घोडं कुठे पेंड खात होतं ते कळायला थोडं मागे जावं लागतं. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिलंय, तिच्यात 'मेल' नावाची एक सोय आहे. ती पत्र तयार करते, सर्व्हरच्या हवाली करते आणि सर्व्हरने ते घेतलं की 'झालं' असा शेरा मारते. पीएचपीच्या अधिकृत पुस्तिकेतच बजावलंय की सर्व्हरने पत्र स्वीकारलं याचा अर्थ ते पोचलं असा घेऊ नये. पण पुस्तिका वाचतं कोण? फॉर्म त्या शेऱ्यावर विसंबतो आणि हिरवी चौकट दाखवतो. टपालपेटीत पत्र पडल्याचा आवाज आला, तेवढ्यावर मामेभावाच्या लग्नाचं आमंत्रण पोचलं असं समजण्यातला हा प्रकार.

दुसरी गोम पाठवणाऱ्याच्या पत्त्यात होती. ईमेलची ने-आण ज्या एसएमटीपी नियमांनी होते, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. त्या काळी जाळ्यावर माणसं मोजकी, बरीचशी विद्यापीठांतली, एकमेकांवर विश्वास ठेवणारी. त्यामुळे पत्रावर 'प्रेषक' म्हणून कोणीही कोणाचंही नाव लिहावं, विचारणारं कोणी नव्हतं. याचा फायदा पुढे चोरांनी घेतला तसा साध्यासुध्या फॉर्मवाल्यांनीही घेतला. गिऱ्हाइकाने दिलेला पत्ताच प्रेषकाच्या जागी घालायचा, म्हणजे मालकाने 'रिप्लाय' दाबलं की उत्तर थेट गिऱ्हाइकाला. सोय झकास होती. मग एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्क या व्यवस्थेखाली जगाला कळवलं: आमच्या नावाची मेल आमच्या सर्व्हरवरून आली नसेल, तर सरळ नाकारा. असंख्य संपर्क-फॉर्म एका रात्रीत मुके झाले, आणि तरीही आभार मानतच राहिले.

मुलुंडच्या बाईंचा पत्ता याहूचाच होता. गंमत म्हणजे प्लगइन मुळात शहाणं आहे. प्रेषकाच्या जागी ते साइटचाच पत्ता घालतं आणि गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू' या वेगळ्या ओळीत ठेवतं. भाच्याने एका जुन्या व्हिडिओवरून त्यात सुधारणा केली होती: गिऱ्हाइकाचा पत्ताच प्रेषकाच्या जागी घातला होता. तसं करू नका, असा इशारा प्लगइन त्याला दाखवतही होतं, लहान अक्षरांत. लहान अक्षरांतलं न वाचण्याची शिस्त मेकॅनिकलवाल्यांना वेगळी शिकवावी लागत नाही.

जी पत्रं नाकारली गेली नाहीत, ती मामांच्या जीमेलच्या स्पॅममध्ये जाऊन बसली होती. तिकडे मामा कधी फिरकले नव्हते. 'स्पॅम' म्हणजे परवानगीशिवाय उघडू नये अशी काहीतरी सरकारी भानगड असावी, असा त्यांचा समज होता. उघडून बघतात तो परदेशी लॉटरीच्या दोन निरोपांमध्ये ठाण्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक चार पेट्या मागत बसलेले. त्यांच्या खाली डोंबिवलीचं एक महिला मंडळ, घाऊक भाव विचारणारं. मात्र जीमेल स्पॅममधली पत्रं ३० दिवसांनी आपोआप काढून टाकतं, त्यामुळे मार्च-एप्रिलची गिऱ्हाइकं कोण होती ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मामींनी वही काढून उरलेल्या प्रत्येकाला फोन केला. बहुतेकांनी एव्हाना आंबे दुसरीकडून घेऊन खाल्लेही होते.

दुरुस्ती सांगायला सोपी आहे. पीएचपीच्या भरवशावर न राहता मेल एखाद्या रीतसर खात्यातून लॉगिन करून पाठवायची. त्यासाठी जीमेल १६ अक्षरांचा 'अ‍ॅप पासवर्ड' देतं, पण आधी खात्याला दुहेरी पडताळणी लागते. पडताळणीचा आकडा मामांच्या नावावरच्या, पण मामींच्या पर्समधल्या फोनवर आला. पर्स मामींबरोबर कणकवलीला लग्नाला गेली होती. भाचा फोनवरून म्हणे, "मामी, आकडा सांगा." मामी म्हणे, "अरे, ओटीपी कुणाला सांगू नये असं बँकेनेच लिहिलंय ना?" पहिला आकडा या चर्चेतच बाद झाला.

मग एसपीएफ. आपल्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणाकोणाला, याची यादी डीएनएस या डोमेनांच्या नोंदवहीत जाहीर करायची, म्हणजे हे एसपीएफ. एक ओळ असते. भाच्याने ती टाकली आणि फॉर्म होता त्याहून बिघडला. कारण होस्टिंगवाल्यांची एक ओळ तिथे आधीपासून होती. नियम असा की एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच. दोन सापडल्या की तपासणारा त्यातली बरी निवडत बसत नाही, सगळाच हिशेब चुकीचा धरतो. दोन्ही ओळी जोडून एक करायची, एवढंच काम. पण बदल सगळीकडे पोचायला २४ ते ४८ तास लागू शकतात, असं मदतकेंद्रातल्या मुलीने सांगितलं. हे उत्तर फार सोयीचं आहे. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाचा राग तरी उतरतो किंवा त्या मुलीची ड्युटी तरी संपते.

मेल पोचू लागल्यावर कोण कोण फॉर्मच्या दारातूनच परत जात होतं, ते दिसू लागलं. फॉर्मचा साचा अमेरिकेत तयार झालेला. पत्त्यात पाच आकडी झिप कोड मागायचा, जो तिकडे १९६३ पासून आहे. आपला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो आखला संस्कृतात नाटकं लिहिणाऱ्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपाल-तार खात्यातल्या नोकरीत असताना. महाराष्ट्र आणि गोव्याच्या वाट्याला त्यात पहिला आकडा ४ आला. फॉर्म तो सहावा आकडा उमटूच देईना. भाच्याने ती चौकट 'नंबर' प्रकारची केली, तर काही ब्राउझरांत माउसचं चाक चौकटीवर फिरलं की आकडाच बदले. गिऱ्हाईक पान खाली सरकवायला जाई आणि पत्ता पुढच्या पोस्टात.

नावाच्या चौकटीचा घोळ मात्र खास आपला. आधी तिच्यात फक्त इंग्रजी अक्षरं चालत. मामांनी हट्ट धरला की मराठी माणसाला मराठीत नाव लिहिता आलं पाहिजे. भाच्याने 'कोणत्याही भाषेतलं अक्षर चालेल' असा नियम शोधून टाकला. आता कमलताईंचं नाव स्वीकारलं जाई, कमलाताईंचं नाही. मदन आत, मोहन बाहेर. शरद, अभय, गणपत पास. वसंत, सुरेश, लक्ष्मण नापास. आडनावांतही कदम आणि परब चालले, सावंत, राणे, नाईक यांना 'कृपया योग्य नाव लिहा' अशी तंबी. सिंधुदुर्गात सावंतांना योग्य नाव लिहायला सांगणं धोक्याचं असतं. अण्णांना यात राजकारण दिसलं. खरं कारण युनिकोडच्या वर्गवारीत होतं: तिच्यात क, म, ल ही अक्षरं, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही मात्र 'चिन्हं'. नियमात चिन्हांना परवानगी नव्हती, त्यामुळे ज्याच्या नावाला कानामात्रा तो वगळला गेला. नियमात चिन्हांची जोड दिल्यावर राणे आणि नाईक सन्मानाने आत आले.

जुन्या साइटांवर याहून क्रूर विनोद घडायचा. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला 'यूटीएफ८' नावाचा प्रकार एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट जागा देई. देवनागरी अक्षर बरोबर तीन बाइटचं, त्यामुळे मराठी सुखरूप. पण जोडलेल्या हातांचं इमोजी चार बाइटचं. जिथे तपासणी सैल ठेवलेली असे, तिथे ते आलं की तिथून पुढचा सगळा मजकूर कापला जाई. म्हणजे ज्याने रीतसर नमस्काराने सुरुवात केली, त्याचं पत्र कोरं. आणि ज्याने नमस्कार न घालता थेट भाव विचारला, त्याचं अक्षरन् अक्षर शाबूत. वर्डप्रेसने एप्रिल २०१५ मध्ये चार बाइटांची सोय केली. त्याआधी किती सभ्य माणसं अशी गप्प झाली असतील!

फॉर्म धड झाल्याची बातमी सगळ्यात आधी यंत्रांना लागली. तुमची साइट गुगलवर पहिल्या क्रमांकाला आणतो म्हणणारे, कर्ज देणारे, आभासी चलन विकणारे असे सगळे लोटले. भाच्याने कॅपचा बसवला. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुइस फॉन आन यांनी २००७ साली रीकॅपचा आणला, तेव्हा लोक दोन वाकडे शब्द वाचून टाइप करत आणि नकळत 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जुने अंक संगणकात उतरवायला मदत करत. २००९ मध्ये गुगलने तो घेतला, पुढे चित्रं आली. ही चित्रं अमेरिकन रस्त्यांची. फायर हायड्रंट असलेले चौकोन निवडा, असं म्हटल्यावर मामींनी भांडं पालथं घातल्यासारखं काही दिसेल तिथे बोट ठेवलं आणि माणूस असल्याचं सिद्ध करण्यात त्या वारंवार अपयशी ठरल्या. शेवटी कॅपचा काढून फॉर्ममध्ये एक अदृश्य चौकट ठेवली गेली. माणसाला ती दिसत नाही. यंत्राला दिसते आणि ते ती भरतं, की पकडलं जातं. फक्त तिला 'फोन' किंवा 'वेबसाइट' असं ओळखीचं नाव देऊ नये, नाहीतर ब्राउझर मदतीच्या भावनेने ती परस्पर भरतो आणि खरं गिऱ्हाईक यंत्र ठरतं.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर भाच्याने पुण्यातून शेवटची चाचणी घेतली. नाव 'टेस्ट टेस्ट', गाव 'अबक', पेट्या ९९९. हिरवी चौकट आली. थोड्या वेळाने त्याच्याच इनबॉक्समध्ये उत्तर येऊन पडलं, म्हणजे 'रिप्लाय-टू'सुद्धा बरोबर बसलं होतं. मामांनी लिहिलं होतं:

"श्री. टेस्ट साहेब यांस, स. न. वि. वि. ९९९ पेट्या एका बागेतून होणार नाहीत. ९० पर्यंत मी जमवतो, बाकीच्या अण्णांकडून घेऊ. निम्मी रक्कम आगाऊ पाठवावी. आपलं गाव अबक नकाशावर सापडलं नाही, तरी जवळचं एसटी स्टँड कळवावं."