बप्पांचा अंगठा

घाटनांदूरच्या बप्पांना कुठल्या कंपनीचं ओळखपत्र नाही, पदनाम नाही, पगार तर नाहीच नाही. पण मोबाइलवरचं एखादं ॲप चांगलं की वाईट, याचा निकाल आमच्या भागात तेच देतात आणि त्यावर अपील चालत नाही. निकालाचे प्रकार दोन. ‘ऱ्हाऊ दे’ आणि ‘काढून टाक’. पाचपैकी साडेतीन तारे वगैरे मधला मार्ग बप्पांना मंजूर नाही. ते म्हणतात, साडेतीन तारे म्हणजे काढून टाकायचंच, निस्तं तोंडावर सांगायची लाज.

असे बप्पा अंबाजोगाई तालुक्यातच कशाला, बीड जिल्ह्याच्या गावोगावी भेटतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. डोक्यावर टोपी. खिशात सातबारा, आठ-अ आणि आधारच्या झेरॉक्सची घडी, आणि त्या घडीत नोटा. मोबाइल मुलाचा उतरलेला. मुलानं नवा घेतला की जुना बप्पांकडे येतो, त्या वेळी त्याच्या काचेला एक तडा असतोच. दुसरा बप्पा पाडतात. आत दोन जीबीची रॅम आणि सुप्रभातच्या फुलांचे, देवांचे, उगवत्या सूर्याचे फोटो ठासून भरलेले. ‘जागा शिल्लक नाही’ असं तो फोन दिवसभर बजावत असतो. बप्पा त्याला रामराम समजतात आणि पुढे जातात. नवं ॲप घ्यायचं तर जुनं एखादं घालवावं लागतं, म्हणून निकाल कडक. फोटो पुसावेत असं त्यांना कुणी सुचवू नये. देवाचा फोटो पुसायचा कसा, आणि सकाळी सकाळी आठवणीनं पाठवणाऱ्या पाहुण्याला काय वाटेल?

बप्पांचा पुतण्या पुण्याला हिंजवडीत असतो. मोबाइल ॲपची रचना करणं हा त्याचा धंदा. पोळ्याला गावी आला तेव्हा शेतकऱ्यांसाठी बनवलेलं ताजं ॲप घेऊन आला. सोयाबीनचा भाव, फवारणीचा सल्ला, अवजारांची खरेदी, सगळं एकाच ठिकाणी. ‘युजर’ हा शब्द त्यानं ओसरीवर बसल्यापासून इतक्यांदा उच्चारला, की चुलतीला तो कुणी साहेब वाटला आणि त्यांचं जेवणाचं काय, असं तिनं विचारलं.

ॲप बप्पांच्या फोनवर चढवलं. त्यासाठी एका लग्नाचा व्हिडिओ शहीद झाला. उघडल्यावर आधी हिरवंगार शेत दिसलं, मग त्या शेतामागून सूर्य हळूहळू वर यायला लागला. बप्पांनी चंची काढली. तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला, अंगठ्यानं मळली, दोन थापट्या मारल्या, काड्या वेचून टाकल्या, चिमूट दाढेखाली सरकवली. सूर्य अजून अर्धाच होता.

“ह्यो कव्हा उगवायचा?” बप्पांनी विचारलं.

“बप्पा, माझ्या फोनवर एका सेकंदात उघडतं.”

“मग तू वापर की.”

पुतण्याची विद्या खरी आहे, हे सांगितलं पाहिजे. त्याला पाठ आहे की याकोब नील्सन नावाच्या तज्ज्ञानं 1993 सालच्या पुस्तकात माणसाच्या सबुरीच्या तीन पायऱ्या सांगून ठेवल्यात. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उत्तर आलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं. एका सेकंदापर्यंत विचाराची तार तुटत नाही. दहा सेकंदांनंतर त्याचं लक्ष दुसरीकडे जातं. बप्पांनी हे पुस्तक वाचलेलं नाही. त्यांचं माप चंचीचं आहे. तंबाखू मळून होईतो उघडलं तर ऱ्हाऊ दे. सूर्याच्या चित्राची फाइल केवढी होती हे नंतर कळलं, आणि पुतण्यानं ती संख्या मला सांगताना आवाज खाली आणला.

पुढचा घोळ अवजारांच्या पानावर झाला. फवारणीचा पंप निवडून बप्पांनी ‘पुढे जा’ दाबलं. काही हललं नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. मग तिसऱ्यांदा, नख पांढरं होईपर्यंत. थोड्या वेळानं रेंज आली आणि तीन पंपांची मागणी नोंदली गेली. पुतण्या म्हणाला, एकदाच दाबायचं असतं बप्पा. त्यावर बप्पांनी जे सांगितलं ते त्याच्या कंपनीत भिंतीवर लावायला हरकत नाही.

“बैल जागचा हालला न्हाई तरी हाक मारली की कान तरी हालवतो. तव्हा कळतं, ह्येनं ऐकलंय. तुझ्या बटनाला कान न्हाई.”

बटण दाबताच रंग बदलावा, काम चालू आहे एवढं कळावं, आणि पहिली मागणी पोचेपर्यंत दुसरी घेऊच नये, हे ॲप बनवणाऱ्यांच्या शाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. मग विसरतात, कारण कार्यालयातल्या वायफायवर ते बटण कधी अडकतच नाही.

आता ओटीपी. इथं जरा थांबावं लागेल, कारण घाटनांदुरात माणसाच्या आयुष्यातला बराच वेळ इथंच जातो. ॲपनं नाव, गाव, गट नंबर, आधारचे आकडे, सगळं भरून घेतलं. बप्पा एकेक अक्षर शोधून दाबतात, वेलांटी सापडली नाही की आधी फोनकडे आणि मग आपल्याकडे बघतात. चुलतीनं एवढ्यात चहा करून आणला, तो निवला. अखेर ओटीपी आला. तो बघायला बप्पा संदेशांच्या डब्यात गेले. आकडे पाठ केले, ओठांवर घोळवत परत आले, तर ॲप पहिल्या पानावर. शेत, आणि मागून पुन्हा तोच सूर्य. भरलेलं सगळं गेलं.

हा जादूटोणा नाही. फोनला रॅम कमी असली की अँड्रॉइड मागे गेलेल्या ॲपला बंद करून टाकतं, पुढच्याला जागा हवी म्हणून. ते होणारच हे धरून, भरलेली माहिती आधीच फोनमध्ये जपून ठेवायची असते. किंवा ओटीपी आपला आपण वाचून घ्यायचा, तीही सोय कधीची आहे. पुतण्याच्या फोनला बारा जीबी रॅम, तिथं मागचं ॲप कधी मरतच नाही, त्यामुळे त्याला हा प्रसंग ऐकीव. बप्पांनी दुसऱ्यांदा फॉर्म भरला नाही. “आकडे ध्यानात हायेत,” एवढंच म्हणाले, आणि ते खरंच संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ऐकवत होते.

बप्पा न्यायी आहेत, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. लोकेशन, कॅमेरा, फोनबुक, जे जे ॲप मागेल त्याला ते ‘नको’ दाबतात आणि मग तक्रार करतात की मी रानात उभा हाय हे त्याला कळंना. अपडेट तर पाप. अपडेट केलं की बटण आपली जागा सोडतं, हा त्यांचा अनुभव, आणि तो खोटाही नाही. एका ॲपचं चिन्ह त्यांना पूर्वी कर्ज नाकारलेल्या कुण्या बँकेच्या चिन्हासारखं वाटलं, तेवढ्यावर ते गेलं. सर्व रोगांवर त्यांचा एकच उपाय, फोन बंद करून चालू करणं. आणि गंमत अशी की हिंजवडीतही हाच उपाय पहिला सांगतात.

त्यांच्या ‘ऱ्हाऊ दे’च्या यादीत काय आहे, हे बघण्यासारखं आहे. पहिलं, ‘व्हेअर इज माय ट्रेन’. परळी वैजनाथ ते लातूर रोड लोहमार्गावर आमचं स्टेशन. गाडी कुठवर आली हे कळायला हे ॲप इंटरनेट मागत नाही, जीपीएसही नाही; प्रवाशाचा फोन ज्या मोबाइल टॉवरला लागतो त्यावरून ते अंदाज बांधतं. बंगळूरच्या सिग्मॉइड लॅब्जनं ते बनवलं आणि 2018 मध्ये गूगलनं ती कंपनीच घेतली. कुणीतरी रेंज नसलेल्या डब्यात बसून विचार केलेला दिसतो. दुसरं, ‘दामिनी’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं, जवळपास वीज पडण्याचा धोका असला की सांगणारं. त्यात नक्षीकाम फारसं नाही, पण ढग भरून आल्यावर नक्षी कोण बघतो? तिसरं ॲप नव्हेच, दुकानातला पैसे आल्याचं मोठ्यानं सांगणारा डबा. बप्पांच्या मते मोबाइलच्या धंद्यातली सर्वांत शहाणी वस्तू तीच, कारण तिला काच नाही.

आणि चौथं, ई-पीक पाहणी. त्याच्याशी बप्पांचं नातं प्रेमाचं नाही, गरजेचं आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्यानं आपलं पीक आपणच नोंदवायचं ठरलं. पूर्वी तलाठी नोंदवायचा. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, बप्पा म्हणत नाहीत.) 2023 च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला सरकारनं हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, दिले, तेव्हा हीच नोंद पाहिली गेली. म्हणजे बटण अडकलं तर पैसे अडकतात. बप्पांच्या सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी आहेत, तेव्हा मुख्य पीक कुठलं, दुसरं कुठलं, हेही सांगावं लागतं. फोटो शेतातच उभं राहून काढायचा, तिथली जागाही सोबत जाते. रेंज नसली तरी फोटो काढून ठेवायचा आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायचा, आणि चुकलं तर 48 तासांत दुरुस्त करायचं, या दोन सोयींवर बप्पा खूश आहेत. ज्यानं ह्या घातल्या त्याच्या घरी शेती असणार, असं त्यांचं मत.

पोळ्याच्या त्या भेटीत पुतण्याला मी त्याचं ॲप घेऊन बप्पांबरोबर रानात जा म्हणालो. ऑगस्टचा चिखल, गुडघ्याच्या वर सोयाबीन, मधूनच पाऊस आणि मधूनच डोळे दिपवणारं ऊन. त्यानं मोठ्या आवडीनं निवडलेली फिकट राखाडी अक्षरं त्या उन्हात दिसेनाशी झाली. कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे आख्खी यादी लपली आहे, हे बप्पांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचा अंगठा जाड, त्यात ओला. काचेवर पाण्याचा थेंब पडला की थेंबच बटण दाबत होता. अँड्रॉइडवाल्यांचा नियम आहे, बटण निदान 48 एककांएवढं रुंद-उंच असावं, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. पुतण्याचं ‘रद्द करा’ आणि ‘पुढे जा’ त्याहून बारीक आणि एकमेकांना खेटून होतं. बप्पांनी दोन्ही एकदम दाबलं.

बांधावर बसून पुतण्यानं सगळं टिपून घेतलं. त्याच्या कंपनीनंही म्हणे पाच जणांकडून ॲप तपासून घेतलं होतं. नील्सनचंच सांगणं आहे, पाच वापरणाऱ्यांत सुमारे 85 टक्के दोष उघडे पडतात. पण ते पाचही जण कंपनीच्या कँटीनमध्ये सापडलेले, आणि पाचांपैकी एकाच्याही अंगठ्याला चुना नव्हता.

महिनाभरात नवी आवृत्ती आली. सूर्य काढला. अक्षरं काळी झाली, बटणं मोठी झाली, फॉर्म आपला आपण जपला जाऊ लागला, आणि बटण दाबलं की लगेच त्याचा रंग गडद होतो. पुतण्यानं फोनवर विचारलं, आता कसं वाटतं? बप्पा म्हणाले, अजून टाकलं न्हाई, जागा न्हाई.

तेव्हा ॲप बनवणाऱ्यांना विनंती आहे. पुढच्या खरिपात, पीक पाहणी सुरू असताना, घाटनांदूरला या. आपला महागडा फोन पुण्यातच ठेवून या. तपासणी बप्पांच्याच फोनवर होईल. राहण्या-जेवणाची सोय आहे. रेंज स्टेशनकडे आहे, रानात नाही. आणि निकाल ‘काढून टाक’ लागला तर बप्पांशी वाद घालू नका, ॲप घेऊन परत जा आणि दुरुस्त करा.